ताडावरून दिसणारा विहार

न्येमकाका कुठे आहेत, हे आमच्या प्रेक चांपेई गावात कुणाला विचारावं लागत नसे. मान वर केली की झालं. उन्हाळ्याच्या सहा महिन्यांत सकाळी आणि उन्हं कलताना ते कुठल्या ना कुठल्या ताडावर असायचे. कमरेला बांबूचे नळे लटकवलेले, पाठीला कोयता, डोक्याला लाल चौकड्यांचा क्रामा, म्हणजे पंचा, घट्ट गुंडाळलेला. ते उतरायला लागले की नळे एकमेकांवर आपटून खडखडायचे. तो आवाज आला की बायका चुलीवर भात चढवायच्या.

मठाच्या उत्तरेला त्यांचे बावीस ताड होते. प्रत्येकाला नाव. सगळ्यात उंच मादी ताड ती 'म्हातारी'. नदीच्या अंगाला वाकलेला तो 'सरदार'. वर चढायचं, पोय, म्हणजे फुलोऱ्याचा दांडा, चिमट्यात दाबून मऊ करायची, टोक पातळ छाटायचं, खाली नळा बांधायचा, आधीचा भरलेला सोडून घ्यायचा. नळ्यात सालीचा एक तुकडा टाकायचा म्हणजे रस आंबत नाही. काही नळ्यांत काका तो तुकडा मुद्दाम टाकत नसत. ती ताडी. सांजेला पुरुष मंडळी ज्या दिशेने चालत जायची ती याच नळ्यांची.

माझे बाबा मठाचे आचार्य होते, म्हणजे भिक्खू नव्हेत, मठाचे विधी सांभाळणारे गृहस्थ. पांढरे कपडे, ताठ मान, पाली मुखोद्गत. कुठल्या सणाला काय मांडायचं आणि कुणी कुठे बसायचं, हे गाव त्यांना विचारून करी. न्येमकाका हे त्यांचं रोजचं दुखणं होतं.

"बुद्धाच्या डोक्यावर चढून बसतोस, आणि तेही ताडी काढायला! लाज नाही वाटत?" बाबा खालून ओरडायचे.

"डोक्यावर कुठे, आचार्य? बुद्ध आत, मी बाहेर. मधे एवढी कौलं आहेत ना!" वरून उत्तर यायचं.

एकदा तर फारच झालं. भिक्खू दुपारच्या आधी पश्चिमेच्या ओसरीवर जेवायला बसायचे, आणि नेमके तेव्हाच काका 'म्हातारी'वरून उतरायचे. खालून पाहणाऱ्याला आधी दोन उघड्या मांड्या दिसायच्या, मग काष्टा, मग काका. एक तरुण भिक्खू घास तोंडात असताना हसला आणि त्याला ठसका लागला. बाबांनी त्याच दिवशी काकांना फर्मान काढलं, शिडी ओसरीच्या बाजूला बांधायची नाही, पूर्वेच्या अंगाला बांध. शिडी म्हणजे एकच लांब बांबू, पायापुरते खुंट ठेवलेला, खोडाला वाखाने आवळलेला. तो सोडून दुसऱ्या बाजूला बांधायचा म्हणजे अख्ख्या दिवसाचं काम. काकांनी ते केलं, पण करताना बाबांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली, असं आई सांगायची.

त्यांची बायको यूनकाकी कुंभारांच्या गावची. काकांनी तिला पहिल्यांदा ताडावरूनच पाहिलं. ती मावशीकडे सुगीला आली होती आणि अंगणात भात वाळत घालत होती. सगळ्या पोरींनी ढीग पसरले होते, हिने मात्र आखल्यासारखे सरळ पट्टे ओढले होते. काका उतरले आणि तसेच आपल्या आईकडे गेले. म्हणाले, मला ती सरळ पट्ट्यांची मुलगी हवी.

"वरून सगळंच सरळ दिसतं," यूनकाकी म्हणायची. "खाली आल्यावर कळलं ना, किती वाकडी आहे ते?"

"कळलं. पण तोवर तुझ्या हातचा गूळ खाल्ला होता."

तिचा गूळ खरंच नाव घेण्यासारखा होता. मोठ्या कढईत रस आटवायचा, तो फेसाळून वर आला की लाकडी घोटणीने घोटायचा. नेमका कधी उतरवायचा, हे ती वासावरून ओळखायची. पहिली वाटी मठात जायची. बाबा तो गूळ खाताना काकांबद्दल काही बोलत नसत.

पहिला तोफगोळा पडला त्या सकाळी काका 'म्हातारी'वर होते. मठाच्या आवारात महिनाभर सरकारी शिपाई तळ ठोकून होते, पलीकडच्या झाडीत त्यांच्याशी लढणारे बंडखोर. गोळा कुणाचा, यावर गावात अजून वाद होतात. मठातल्या मुख्य इमारतीच्या, बुद्धाच्या विहाराच्या छपराची एक बाजू आत कोसळली. भिक्खू भिक्षेला गेले होते म्हणून वाचले. कौलांचे तुकडे चिमण्यांच्या थव्यासारखे उडाले आणि त्यातले दोन काकांच्या पोटरीत घुसले. ते खोडाला मिठी मारून दुपारपर्यंत वरच राहिले. खाली उतरल्यावर यूनकाकीने जखम धुतली, हळद लावली, आणि विचारलं, "नळे कुठे आहेत?" नळे वरच राहिले होते. दुसऱ्या दिवशी ते जाऊन घेऊन आले.

विहार दोनशे वर्षांचा, असं सगळे म्हणायचे. त्याच्या भिंतीवर बुद्धाच्या जन्मांच्या कथा रंगवलेल्या होत्या. त्या गोळ्यानंतर पावसाचं पाणी त्या चित्रांवरून ओघळायला लागलं. दुरुस्तीचं ठरत होतं, तेवढ्यात त्या बंडखोरांचं, काळ्या कपड्यांचं राज्य आलं. मग भिक्खूंची चीवरं उतरली, मठ बंद झाला, आणि आमचं गाव एका रांगेत जेवायला लागलं.

काकांना त्यांनी ताडावर ठेवलं. संघटनेला, म्हणजे त्या नव्या राज्यकर्त्यांना, गूळ लागायचा. फक्त बाविसाचे पस्तीस ताड झाले. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची. फार थोडं आठवतं, पण एवढं पक्कं आठवतं की आई पाण्याला जाताना वाटेत ताडाखाली थांबायची, आणि कधीतरी तिच्या पुढ्यात पानात गुंडाळलेला गुळाचा खडा पडायचा. ती वर बघत नसे. वाकायची, कळशी नीट केल्यासारखं करायची आणि चालू लागायची.

विहार पाडायचं ठरलं त्या वर्षी भाताचं पीक बुडालं होतं. बांध घालायला विटा हव्या होत्या, कोयत्यांसाठी लोखंड. पाडायला गावातलीच माणसं लावली, त्यात माझे बाबाही. चौदा दिवस ते काम चाललं आणि चौदाही दिवस काका वरून बघत होते. हे त्यांनी मला खूप वर्षांनी सांगितलं, मी शाळेत शिकवायला लागल्यावर.

"तुझे बाबा कौलं उतरवत होते. बाकीचे फेकत होते. फेका असाच हुकूम होता. तुझे बाबा प्रत्येक कौल आधी उलटं करून बघायचे, मग खाली टेकवायचे. झोपलेलं मूल ठेवतात ना, तसं. पहारेकऱ्याला वाटलं, म्हातारा कामात ढिला आहे. मला वरून सगळं दिसत होतं."

"तुम्ही बाबांना सांगितलंत का कधी?"

"कशाला? त्यांना वाटतं कुणी पाहिलं नाही. राहू दे तसंच."

मग भिंती दोर लावून ओढल्या. सीमेचे, म्हणजे विहाराची पवित्र हद्द दाखवणारे, जमिनीवरचे पानाच्या आकाराचे दगड नदीच्या पायऱ्यांना गेले. आवारातला चिंचेचा, आंब्याचा, चाफ्याचा एकूण एक बुंधा तोडला. तळं बुजवलं. जमीन नांगरून साबुकंद लावला, मधून एक कालवा काढला. ज्याने आधी पाहिलं नसेल त्याला तिथे कधी काही होतं, हे सांगूनही पटलं नसतं.

ते राज्य गेलं. जे परतायचे ते परतले. मठ म्हणून शेताच्या कडेला ताडाच्या पानांची एक झोपडी उभी राहिली. सिमेंटचा छोटा बुद्ध आला. बाबांनी पेटीच्या तळाशी दडवलेले पांढरे कपडे बाहेर काढले. काका पुन्हा आपल्या बावीस ताडांवर. खरं तर एकोणीस, तीन मेले होते. सगळं बरं चाललं असताना शिडीचा एक कुजका खुंट तुटला आणि ते दोन पुरुष उंचीवरून पडले. कंबर धरली, डावा पाय बोटभर आखूड झाला. यूनकाकीने त्या दिवशी कोयता काढून जावयाच्या हातात दिला.

"चांथीचे बाबा, आता जमिनीवर," ती म्हणाली. चांथी त्यांची मुलगी.

काका जमिनीवर राहिले. जमिनीवर त्यांना करमायचं नाही. चुलीत भुसा घालत बसायचे आणि जावई कुठल्या झाडावर किती वेळ लावतो, याचा हिशेब तोंडाने चालू. "एवढ्यात मी दोन केले असते," हे वाक्य जावयाने सहा वर्षं ऐकलं.

पक्का विहार बांधायचं ठरलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते. मठात नवे प्रमुख आले होते, भन्ते केत. साठीचे, शांत. मधल्या वर्षांत त्यांनी नावाडी म्हणून दिवस काढले होते, त्यामुळे तळहात अजून कडक होते. ते म्हणाले, "बुद्धाला कुठेही चालेल. पण जुनी सीमा सापडली तर उत्तम."

बाबांना मात्र कुठेही चालणार नव्हतं. जुन्या विहाराच्या बरोबर मध्यावर जमिनीत पुरलेला गोल दगड असणार. वरचं सगळं गेलं तरी तो कुणी खणून काढलेला नाही. तो सापडला की जागा सापडली. नव्या बुद्धाचं आसन त्याच्यावरच यायला हवं.

पण तो कुठे? बाबा म्हणाले, आंब्याच्या पूर्वेला. आंबा कुठे होता? त्यावर तीन मतं. एक आजी म्हणाली, विहार कालव्यात गेला. दुसरी म्हणाली, कालव्याच्या पलीकडे. ज्याला जसं आठवेल तसं खणणं सुरू झालं. महिन्याभरात अकरा खड्डे झाले. साबुकंदाच्या शेतात घुशींनी वस्ती केल्यासारखं दिसायला लागलं. एका खड्ड्यात कुणाची तरी म्हैस पडली, तिला काढायला अर्धा दिवस गेला.

बारावा खड्डा खणताना काका काठी टेकत आले आणि कडेला बसले.

"आचार्य, इथे तर स्वयंपाकघर होतं."

"तुला काय ठाऊक?" बाबा आधीच वैतागलेले. "तू कधी विहारात पाऊल टाकलंस का?"

"पाऊल नाही टाकलं. पण वीस वर्षं वरून पाहिलाय. तुम्ही बाईला चेहऱ्यावरून ओळखता, मी भांगावरून ओळखीन. या विहाराचा भांग मला पाठ आहे."

खणणारे हसायला लागले. बाबा हसले नाहीत. भन्ते मात्र जवळ येऊन उकिडवे बसले. "नीट सांगा बघू."

काकांनी काठीने मातीत रेघा ओढल्या. 'म्हातारी'वर उभं राहिलं की विहाराच्या आढ्याचं टोक नदीपलीकडच्या जोडटेकड्यांच्या बरोबर मधल्या खाचेत बसायचं. 'सरदार'वरून तेच टोक एकट्या टेकडीच्या माथ्याखाली यायचं. दोन्ही ताड उभे आहेत. टेकड्या तर काही कुणी खणून नेलेल्या नाहीत. दोन रेघा जिथे एकमेकींना कापतील तिथे विहाराचा मध्य.

रेघा जिथे कापत होत्या तिथे भन्तेंनी बोट टेकवलं. नावाड्याला हे समजावून सांगावं लागलं नाही. "मग जावयाला वर पाठवू. तुम्ही खालून सांगा."

"भन्ते, जावयाला वरून काय दिसणार? साबुकंद. ज्याला विहार दिसतो त्यानेच चढायला हवं."

यूनकाकीला ही बातमी पोचायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात ती घोटणी हातात घेऊनच आली.

"कोण चढतंय?"

भन्ते म्हणाले, "बाई, तुमची परवानगी असेल तरच."

"भन्ते, तुम्ही मधे पडू नका, मला पाप लागेल." मग नवऱ्याकडे वळली. "एक पाय आखूड झालाय. दुसराही तेवढाच करून घ्यायचा विचार आहे का?"

"तसं झालं तर निदान सरळ चालेन, चांथीची आई."

लोक हसले. ती हसली नाही, पण तिच्या हातातली घोटणी खाली आली. "दोन झाडं. दोनच. आणि पडलात तर या वेळी मी उचलायला येणार नाही. यांना सांगीन, विहार तिथेच बांधा."

दुसऱ्या सकाळी अख्खं गाव जमलं. मी शाळेला सुट्टी दिली. नाहीतरी मुलं यायची नव्हती. जावयाने 'म्हातारी'ला नवी शिडी बांधून ठेवली होती. काकांनी प्रत्येक खुंट हाताने हलवून पाहिला, क्रामा आवळला, झाडाला हात जोडले आणि चढायला लागले. आखूड पाय आधी, मग धडधाकट. निम्म्यावर एकदा थांबले. यूनकाकी वर बघतच नव्हती, क्राम्याचं टोक पिळत जमिनीकडे बघत उभी होती. मग वरून पानांची सळसळ झाली आणि हाक आली, "पोचलो! अरे वा, त्या सोफीच्या छपराला केवढं भोक आहे!"

लाल फडकं बांधलेला बांबू घेऊन शेतात कुणीतरी उभं राहायचं होतं. तो बाबांनी स्वतःकडे घेतला. पांढऱ्या कपड्यांत, साबुकंदाच्या पानांतून, ते चालू लागले.

"डावीकडे!"

बाबा डावीकडे गेले.

"तुमच्या डावीकडे नाही, माझ्या!"

बाबा उजवीकडे गेले.

"अजून! अजून! अहो आचार्य, टेकडीच्या पलीकडे निघालात काय? मागे या! हां. जरासं. कोंबडीच्या पावलाएवढं. बस्स! रोवा!"

बाबांवर कुणी आवाज चढवलेला मी जन्मात ऐकला नव्हता. बायका तोंडाला क्रामा लावून हसत होत्या. बाबांचे कान लाल झाले होते, पण त्यांनी बांबू रोवला आणि दुसरा घेऊन पुढच्या जागेला निघाले. दोन बांबू रोवून त्यांच्यामधून दोर ताणला. मग 'सरदार'वरून दुसरी रेघ. काका खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा नवरदेवासारखा दिसत होता. यूनकाकीने पाण्याचं भांडं पुढे केलं. "झालं समाधान?"

"एक झाड अजून—"

"प्या आणि बसा."

दोर एकमेकांना कापत होते तिथे खणायला सुरुवात झाली. संध्याकाळपर्यंत छातीएवढा खड्डा झाला. विटांचा चुरा निघाला, कौलांच्या खापऱ्या निघाल्या, चुन्याचे गोळे निघाले. विहार इथेच होता हे नक्की, पण दगड काही लागेना. दुसऱ्या दिवशी पुरुषभर खणलं. खाली पिवळी माती लागली, तिला कधी कुणाचा हात लागलेला नव्हता. लोक हळूहळू घरी गेले. काका कडेला बसून राहिले होते. "वरून तर अगदी बरोबर बसत होतं," एवढंच ते दोन-तीनदा म्हणाले. त्यांना त्या दिवशी कुणी चिडवलंही नाही. ते जास्त वाईट होतं.

त्या रात्री जेवताना बाबा भाताचा घास हातात घेऊन थांबले. आई म्हणाली, "मासा खारट झालाय का?"

"शिडी," बाबा म्हणाले.

"काय?"

पहाटे उठून बाबा थेट काकांच्या घरी गेले. बाबा त्या अंगणात पाय ठेवत नसत, म्हणून मीही मागोमाग गेले. यूनकाकी चूल पेटवत होती. काका अजून अंथरुणात.

"न्येम! काल शिडी कुठल्या अंगाला बांधली होती?"

काका डोळे चोळत बाहेर आले. "जावयाने बांधली. पश्चिमेला. का?"

"आणि तेव्हा? विहार होता तेव्हा?"

काकांनी कपाळावर हात मारला. "पूर्वेला! तुम्हीच तर लावली होती पूर्वेला! भिक्खूंना माझ्या मांड्या दिसतात म्हणून! सगळा दिवस गेला होता माझा, आचार्य. मी तुम्हाला काय काय बोललो होतो—"

"ते मला पोचलं होतं," बाबा म्हणाले. "मुद्दा तो नाही. तू तेव्हा खोडाच्या त्या अंगाला उभा राहून बघत होतास, काल या अंगाला. तुझी ती रेघ पूर्वेला सरकायला हवी. किती?"

"खोड, अधिक मी बाहेर वाकतो तेवढं." काकांनी हात पसरले, मग थोडे जवळ आणले. "तीन हात. फार तर साडेतीन."

"आणि 'सरदार'?"

"तो वाकलेला आहे. त्याला शिडी एकाच अंगाने बसते. तो बरोबर आहे."

चहा न पिताच दोघं शेताकडे निघाले. यूनकाकी मागून ओरडली, "झाडावर नाही ना चढायचं?" दोघांनी एकदम "नाही" म्हटलं. एका सुरात बोलले ते बहुधा पहिल्यांदाच.

सूर्य माडाएवढा वर आला असेल, जावयाच्या पहारीचा आवाज बदलला. मातीत जाताना भस् व्हायचं, ते टण्ण झालं. जावयाने पहार टाकली आणि हाताने माती उकरायला लागला. फणसाएवढा गोल, काळसर दगड. एका बाजूला घासून गुळगुळीत केलेला. बाबा खड्ड्यात उतरले, त्यांनी दोन्ही तळवे दगडावर ठेवले आणि तसेच बसून राहिले. पांढरे कपडे मातीने भरले. भन्ते केत वरून मंद आवाजात सूत्र म्हणत होते. काका कडेवर पोटावर पडून आत डोकावत होते.

बऱ्याच वेळाने बाबा वर बघून म्हणाले, "न्येम, तुला शिडी हलवायला लावली म्हणून माफी मागू, का उपकार मान म्हणू?"

"काही नको, आचार्य. नीरा पिता का? ताजी आहे."

"आंबलेली नाही ना?"

"नाही."

"एक थेंबही?"

"यूनला विचारा."

बाबांनी तीनदा खात्री करून घेतली आणि नळा तोंडाला लावला. संपूर्ण संपवला. मग तोंड पुसून म्हणाले, "बरी आहे."

विहार उभा राहायला सहा वर्षं लागली. दर वर्षी चीवरदानाच्या वेळी शहरातून, परदेशी गेलेल्या नातलगांकडून जे येई त्यातून तेवढा भाग चढायचा. एका वर्षी नुसते खांब, एका वर्षी एकच भिंत. गावाने नदीच्या पायऱ्यांमधून सीमेचे जुने दगड उचलून आणले. आठातले पाच मिळाले. नक्षीकामाला जुन्या पद्धतीचा चुना करायचा ठरला, आणि म्हातारा गवंडी म्हणाला, त्यात ताडगूळ लागतो, गुळानेच तो धरतो. यूनकाकीने दोन हंगाम त्याच्यासाठी कढई चढवली. "आता भिंतीला मुंग्या लागतील," काका म्हणाले. नाही लागल्या, पण मुलं मात्र कोपरे चाटून बघायची. माझ्या वर्गातल्या दोघींना मी तिथे पकडलं.

दगड सापडल्यापासून काकांना जमिनीवर ठेवणं यूनकाकीला जमलं नाही. तह झाला. रोज दोन ताड, तेही बुटके. जावयाची मात्र सुटका झाली. त्या दोन ताडांवरून त्यांना बांधकाम दिसायचं आणि त्यांच्या सूचना चालू असायच्या. "उजवीकडचं आढं बोटभर खाली आहे!" गवंडी आधी दुर्लक्ष करायचा. मग एकदा त्याने ओळंबा लावून पाहिलं. ते बोटभर खालीच होतं.

सीमा बसवायचा उत्सव फाल्गुनात झाला. तीन दिवस गावात पाय ठेवायला जागा नव्हती. आठ दिशांना आठ खड्डे, मध्यावर नववा, प्रत्येकावर गोल दगड दोराने टांगलेला, मधला तोच, शेतात सापडलेला. लोक रांगेने येऊन खड्ड्यांत सुया टाकत होते, बुद्धी तीक्ष्ण व्हावी म्हणून. कुणी पेन्सिली टाकत होते, कुणी वही, कुणी केसांची बट. माझ्या शाळेतल्या एकाने गणिताचं पुस्तकच टाकलं. त्यामागची त्याची इच्छा वेगळी असावी. घंटा झाली की नऊ माणसांनी एकदम दोर कापायचे होते. भन्ते केत यांनी मधल्या दोरासाठी काकांना बोलावलं.

"मधला शहरच्या पाहुण्यांना द्या, भन्ते," काका म्हणाले. "ते इतक्या लांबून आलेत. मला उत्तरेचा चालेल. तिकडून माझे ताड दिसतात."

घंटा झाली. दगड धप्पकन खाली गेले, गर्दीतून एकच आवाज उठला, आणि मी पाहिलं तर उत्तरेच्या खड्ड्याजवळ काका आपल्या कोयत्याची धार अंगठ्याने तपासत होते. बाबा शेजारी उभे होते. बाबांना तोवर नीट दिसेनासं झालं होतं. मग काका त्यांना हाताला धरून एकेक खड्डा दाखवत फिरवायला लागले, आणि कुठे नक्षी आहे, कुठे भेग गेली आहे, हे सगळं सांगत होते.

संध्याकाळी मी त्या दोघा नवराबायकोबरोबर घरी निघाले. धूळ उडत होती, ढोल अजून वाजत होते. यूनकाकीच्या हातात केळीच्या पानातला भात होता, कुणीतरी दिलेला.

"तू काय टाकलंस खड्ड्यात?" काकांनी विचारलं.

"सुई."

"आणि मागितलं काय?"

"सांगू नये."

"सांग की. ही पोर कुणाला सांगणार नाही."

"पुढच्या जन्मी जमिनीवर काम करणारा नवरा मिळू दे, म्हटलं."

काका हसत थांबले. पाय आखूड असल्याने हसताना त्यांना कुठेतरी टेकावं लागायचं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी जुन्या कोयत्याचं पातं टाकलं. झिजून पान झालं होतं."

"आणि मागितलंत काय?" काकीने विचारलं.

"आणखी उंच ताड."

"मग वेगळे जन्म घेऊ या," यूनकाकी म्हणाली, आणि पानातला भात उघडून अर्धा त्यांच्या हातावर ठेवला. "हे खा आधी. रस उतरवायचा राहिलाय, आंबून जाईल."

काकांनी चालता चालता भात खाल्ला, हात काष्ट्याला पुसले आणि ताडांच्या वाटेला वळले. आम्ही दोघी घराकडे गेलो. चूल पेटवेपर्यंत नळ्यांची खडखड ऐकू आली होती.